नाही म्हणायला शिकलेला कापडी कुत्रा

मी एक जुना कापडी कुत्रा आहे. किती जुना, ते माझ्या डाव्या पंजावरून ओळखा. त्यातला कापूस इतक्या वेळा बाहेर येऊन परत आत गेला आहे, की तो पंजा आता कायमचा सुजल्यासारखा दिसतो. मित्रांनो, मी भुंकत नाही, चावत नाही आणि कोणाच्या गादीवर भलतंसलतं करत नाही. एवढ्याच गुणांवर मला बालवर्गातल्या खिडकीशेजारची फळी कायमची मिळाली. आपल्यासारखा शहाणा कुत्रा जगात नाही, असं मला बरीच वर्षं वाटत असे. तो समज कसा गेला आणि तो गेला हे किती बरं झालं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म पडदे शिवणाऱ्या ताईंच्या खोलीत झाला. खोली कसली, चिंध्यांचा ढीगच तो! शिलाई मशीनभोवती कापडाचे तुकडे, खुर्चीवर कापडाचे तुकडे, खडू मात्र शोधायला गेलं की सापडायचा नाही. ताई म्हणजे बालवर्गाच्या बाईंची थोरली बहीण. एके दिवशी बाई त्यांच्याकडे वडिलांचा जुना तपकिरी लोकरी कोट घेऊन आल्या.

"ताई, मला याचा एक कुत्रा शिवून दे."

"कोटाचा कुत्रा? बाबा असते तर दोघींना घराबाहेर काढलं असतं," ताई म्हणाल्या. पण कात्री त्यांनी हातात घेतलीच होती.

"अगं, शाळेच्या अंगणात ती ठिपकी कुत्री असते ना. निम्मी मुलं तिला बघून रडत आत येतात, उरलेली तिच्या अंगावर धावत जातात. दोघांनाही शिकवायला हवं. आणि ऐक, एकदम गोड कर हं. मुलांना अजिबात भीती वाटायला नको."

ताईंनी मला गोड केलं. कोटाच्या पाठीची माझी पाठ झाली, बाह्यांचे पाय झाले, अस्तराचे लोंबते कान झाले. डोळ्यांच्या जागी कोटाचीच बटणं आली आणि नाक एका फाटक्या पर्सच्या चामड्याचं. माझ्या पोटात कोणाकोणाच्या दिवाणखान्यातल्या पडद्यांची कात्रणं भरलेली आहेत. म्हणून मी स्वतःला खानदानी समजतो.

शाळेत माझं काम लगेच सुरू झालं. मुलं गोल करून बसायची आणि बाई मला मधोमध ठेवायच्या. हळू चालत यायचं, ओरडायचं नाही, शेपटी ओढायची नाही, डोळ्यांत बोट घालायचं नाही, असं सगळं मुलं माझ्यावर शिकली. जी मुलं कुत्रा म्हटलं की बाईंच्या पदराआड लपत, तीही माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली. बाईंनी एक बक्षीसही ठेवलं होतं. जो शहाण्यासारखा वागेल त्याने माझ्या गळ्यात हात टाकून मला घट्ट मिठी मारायची. त्या मिठ्यांवर मी जगत होतो म्हणा ना! पाहुणे यायचे, मला उचलून बघायचे आणि म्हणायचे, "वा, किती छान कल्पना!" मला पुरतं शेफारून ठेवलं होतं सगळ्यांनी.

खरी ठिपकी मात्र माझ्याकडे ढुंकूनही बघत नसे. ती पांढरी होती, अंगभर काळे ठिपके, एक कान उभा आणि दुसरा कायम दुमडलेला. शाळेच्या माळीकाकांनी ती पिल्लू असताना तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. आता तिचं वय झालं होतं. कंबर दुखायची, म्हणून भिंतीशी जिथे ऊन पडेल तिथे ती पाठ शेकत पडायची आणि ऊन सरकलं की कुरकुरत आपणही सरकायची. एकदा बाईंनी मला अंगणात नेलं तेव्हा तिने मला पुढून मागून हुंगलं, जोरात शिंकली आणि निघून गेली. मला तो अपमान बरेच दिवस झोंबला.

आमच्या बालवर्गात एक मुलगी होती. तिला सगळे फिरकी म्हणत. आईने बसवलं की उभी राहायची, बाईंनी उभं केलं की पळायची, असं तिचं होतं. पण माझ्याजवळ आली की तिची फिरकी थांबायची. माझ्या अस्तराच्या कानात ती घरातल्या सगळ्या बातम्या सांगायची. तिच्या मिठीने माझ्या मानेची शिवण दरवेळी उसवायची आणि बाई दरवेळी शिवायच्या. खरं सांगतो मित्रांनो, ती माझी सगळ्यांत लाडकी होती.

आणि झालं ते तिच्याच हातून झालं.

त्या दिवशी फिरकीने सगळे ठोकळे न सांगता डब्यात भरले. बाईंनी शाबासकी दिली, तिने मला मिठी मारली. तिचा आनंद मात्र एवढ्या मिठीत मावला नसावा. डब्याची सुट्टी झाली तशी ती अंगणात धावली. मी खिडकीत होतो, मला सगळं दिसत होतं. ठिपकी उन्हात गाढ झोपली होती. फिरकी गुडघ्यांवर बसली आणि मला मारायची तशीच मिठी तिने ठिपकीला मारली, गळ्यात दोन्ही हात टाकून, गच्च.

ठिपकी दचकून जागी झाली. तिने तोंड दुसरीकडे वळवलं. जीभ काढून स्वतःचं नाक चाटलं. कान मागे पाडले. मग ती सगळी लाकडासारखी ताठ झाली आणि घशातल्या घशात गुरगुरली. मित्रांनो, हे सगळं ती एकच गोष्ट सांगत होती. नको. नको. मला हे नको. पण फिरकीने आयुष्यात ज्या कुत्र्याला मिठ्या मारल्या होत्या तो मी, आणि मी कधी काही म्हटलंच नव्हतं. तिला वाटलं ठिपकीला आवडतंय. तिने आणखी घट्ट धरलं.

एकदम तोंड फिरलं आणि ठिपकीचा दात फिरकीच्या मनगटाला लागला.

जखम मोठी नव्हती, लांबट ओरखडा होता. तरी बाईंनी तिचा हात नळाखाली धरून साबणाने बराच वेळ धुतला, आईला बोलावून घेतलं आणि तिघी तशाच डॉक्टरांकडे गेल्या. ठिपकीला लस दिलेली होती. तरी डॉक्टरांनी फिरकीला सुई टोचायची ती टोचलीच. ठिपकी इकडे नळामागे जाऊन बसली होती. संध्याकाळी माळीकाकांनी हाक मारली तरी बाहेर येईना.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सगळी मोठी माणसं आमच्या वर्गात जमली आणि मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर अंग चोरून बसली. फिरकी आईच्या मांडीवर होती, मनगटाला पांढरी पट्टी.

"अहो बाई, झोपेत दोनदा दचकून उठली ही," आई म्हणाली. "उद्या डोळ्याला लागलं असतं म्हणजे? मी हिला कोणाच्या भरवशावर पाठवते इथे?"

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी माळीकाकांकडे पाहिलं. "काका, तुमचा तिच्यावर जीव आहे, मला कळतं. पण शाळा मुलांची आहे. महिनाअखेर तिला एखाद्या गोदामावर पाठवू. तिथे राखणीला कुत्री ठेवतात."

"तिथे साखळीला बांधतात हो दिवसभर," काका म्हणाले. टोपी त्यांनी हातात पिळून पिळून तिचं फडकं केलं होतं. "हिला उन्हाबरोबर सरकावं लागतं. बांधलेली कशी सरकणार?"

मग बाई फिरकीजवळ खाली बसल्या. "फिरके, तू ठिपकीला काय केलंस गं?"

"मिठी मारली," फिरकी म्हणाली. तिला रडू येत होतं. "शहाण्यासारखी मारली. आपला कुत्रा कधीच रागवत नाही. मग ती का रागावली माझ्यावर?"

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता मला खिडकीतून बाहेर फेकतात की काय!

"चूक ठिपकीची नाही," त्या उठून म्हणाल्या. "हिचीही नाही. ज्या कुत्र्याला नको म्हणताच येत नाही, त्याच्यावर मी मुलांना शिकवलं. वर मिठी मारायचं बक्षीस लावलं. ठिपकीने नको म्हटलं असणार, पण ते ऐकायचं कसं हे मी कोणाला शिकवलंच नाही. मोठ्या बाई, मला महिनाअखेरपर्यंत वेळ द्या."

मोठ्या बाईंनी फिरकीच्या आईकडे पाहिलं. आईने फिरकीच्या मनगटावरची पट्टी सारखी केली. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण मी स्वतः येऊन बघणार. आणि मला पटलं नाही तर ती कुत्री जाणार. मग मला कोणी आग्रह करायचा नाही."

त्याच संध्याकाळी मी पुन्हा चिंध्यांच्या खोलीत येऊन पडलो.

"म्हणजे एवढा सुंदर शिवलेला कुत्रा आता बिघडवायचा?" ताईंनी कपाळाला हात लावला.

"बिघडवायचा नाही गं. त्याला नाही म्हणता यायला हवं."

ताई तशा हट्टी. नीट बघितल्याशिवाय कात्री लावायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात येऊन पालथ्या बादलीवर बसल्या आणि ठिपकीचं निरीक्षण करू लागल्या. ठिपकीला ही पाहुणी आवडली नाही. तिने तोंड फिरवलं. ताईंनी लगेच कागदावर खडूने मान काढली. ठिपकीने नाक चाटलं, ताईंनी जीभ काढली. शेवटी तिने मोठी जांभई दिली आणि त्या जांभईने ताईंनाही जांभई आली.

मग माझी चिरफाड झाली. मानेत जुनं लाकडी रीळ बसलं, त्यामुळे डोकं डावीउजवीकडे फिरू लागलं. कानांना इलॅस्टिक लागलं, ओढलं की ते मागे चिकटायचे. तोंडात लाल फितीची जीभ आली आणि शेपटीत तार. सगळ्याच्या दोऱ्या माझ्या पोटाखालून लोंबत होत्या. आरशात पाहिलं आणि मी हबकलोच. मला माझी काळजी वाटत होती, खोटं कशाला बोलू? कधीही नाही न म्हणणारा म्हणून तर सगळे माझ्यावर प्रेम करत होते. उद्या मी तोंड फिरवलं तर मला कोण जवळ घेणार?

आणि झालंही तसंच. बाईंनी मला मधोमध ठेवलं आणि दोऱ्या हातात धरल्या. "आधी लांबून विचारायचं. हात खाली धरायचा. मग थांबायचं. कोण येतंय?"

फिरकी आली. तिने घाईघाईने विचारलं आणि हात पुढे केला. बाईंनी दोरी ओढली, माझं डोकं पलीकडे फिरलं.

"बाई, हा बिघडला!"

"बिघडला नाही. त्याला आत्ता नको आहे."

"पण मला हवंय ना!"

"तुला हवंय आणि त्याला नको आहे. मग काय करायचं?"

फिरकीचा ओठ थरथरला. ती पाय आपटत कोपऱ्यात गेली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. पुढचे कितीतरी दिवस ती माझ्या वाटेला गेली नाही. बाकीची मुलं शिकत होती, जीभ बाहेर आली की हात मागे घेत होती, शेपटी पोटाखाली गेली की दोन पावलं सरकत होती. मला मात्र त्या कोपऱ्याकडे बघवत नव्हतं. माझ्या कानात कोणी बातम्या सांगत नव्हतं. अंगणात माळीकाका ठिपकीची जुनी सतरंजी धुवून वाळत घालत होते, बहुधा तिच्याबरोबर गोदामावर द्यायला. महिना संपत आला होता.

एके सकाळी फिरकी बाईंसमोर येऊन उभी राहिली. "मला दोऱ्या द्या."

बाईंनी दिल्या. मग काय विचारता! त्या दिवशी मी एकाही मुलाला हो म्हटलं नाही. कोणी आलं की फिरकी खदाखदा हसत माझी मान फिरवायची. तेवढ्यात गालगुच्च्या नावाचा एक दांडगा मुलगा आला. मी मान फिरवली तरी तो हटेना. मी जीभ काढली, कान पाडले, तरी तो गळ्यात हात टाकायला पुढे.

"अरे, तो नको म्हणतोय!" फिरकी किंचाळली. "इतक्या वेळा सांगितलं त्याने! दिसत नाही का तुला?"

दोऱ्या तिच्या हातात तशाच राहिल्या. तिने खिडकीतून अंगणात पाहिलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "ठिपकीने पण तोंड फिरवलं होतं. मला वाटलं ती उगाच तिकडे बघतेय."

बाईंनी तिला जवळ घेतलं. मला त्या क्षणी माझ्या सगळ्या दोऱ्यांचा अभिमान वाटला.

महिनाअखेर फिरकीची आई आली. मोठ्या बाईही आल्या. माळीकाकांनी ठिपकीच्या गळ्यात पट्टा बांधला होता आणि पट्ट्याचं टोक घट्ट धरलं होतं. बाईंच्या काखेत मी होतो. सगळ्यांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. फिरकीने जावं, ठिपकीने शेपटी हलवावी, फिरकीने पाठीवर हात फिरवावा, आईने हसावं. एवढं झालं की गंगेत घोडं न्हालं.

फिरकी धावली नाही. चार हात अंतरावर अंग तिरकं करून उभी राहिली. "काका, हात लावू का तिला?"

"माझी हरकत नाही, पोरी. तिला विचार."

तिने हात खाली धरला. ठिपकी उन्हात पडली होती. तिने फिरकीकडे पाहिलं. मग सावकाश तोंड दुसरीकडे वळवलं आणि नाक चाटलं.

बाईंची बोटं माझ्या पोटात रुतली. माळीकाकांनी डोळे मिटले.

फिरकीने हात मागे घेतला. "आत्ता नकोय तिला," ती म्हणाली आणि परत येऊन आईशेजारी उभी राहिली.

मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला. ठरल्यासारखं काही झालंच नव्हतं. काका पट्ट्याचं टोक हाताला गुंडाळू लागले.

"तुला वाईट नाही वाटलं?" आईने विचारलं.

"वाटलं," फिरकी म्हणाली. "पण तिची कंबर दुखतेय आज. मी उद्या विचारेन. उद्या पण नको म्हणाली तर परवा."

आई तिच्याकडे बघतच राहिली. घरात जी मुलगी एक बिस्किट मिळायला उशीर झाला तर घर डोक्यावर घेते, तीच ही. आईचे डोळे भरून आले. तिला काय वाटलं कोण जाणे, ती पटकन पुढे झाली आणि ठिपकीच्या डोक्यावर थोपटायला वाकली.

फिरकीने तिची बाही गच्च पकडली. "आई, थांब! तू विचारलंसच नाही!"

आईचा हात हवेतच राहिला. आधी मोठ्या बाई हसल्या, मग काका, मग सगळेच. आईचा चेहरा लाल झाला. पण ती मागे सरकली, अंग तिरकं करून उकिडवी बसली आणि हात खाली धरून थांबली. तिला थांबायची सवय नव्हती, ते दिसत होतं. पण ती थांबली. ठिपकीने मान उचलली. आईची बोटं हुंगली, एकेक बोट, अगदी सावकाश. आणि तिची शेपटी मातीत हलली.

"तिचा पट्टा सोडा, काका," आई म्हणाली. "ऊन सरकलंय. तिलाही सरकू दे."

काकांना पट्टा सोडायला जरा वेळ लागला, कारण त्यांना नीट दिसत नव्हतं.

मित्रांनो, या गोष्टीला बरीच वर्षं झाली. ठिपकी पुढे म्हातारी होऊन आपल्या सतरंजीवर शांतपणे गेली, तोवर ती अंगणातच होती. फिरकीला तिने हो म्हटलं की नाही म्हणून विचाराल, तर म्हटलं, पुष्कळदा म्हटलं, आणि पुष्कळदा नाहीही म्हटलं. तुम्हाला रस्त्यात, शेजाऱ्यांकडे, पाहुण्यांकडे कुत्रा भेटेल. झोपलेला, जेवणारा किंवा पिल्लांजवळचा असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. एरवी आधी त्याच्या माणसाला विचारा, मग त्याला विचारा. आणि गुरगुरला तर त्याला वाईट म्हणू नका, तो बिचारा तुम्हाला सांगतोय. विचारणं सोपं असतं. उत्तराची वाट बघणं हीच खरी माया.

मी आता फारसा खाली उतरत नाही. इलॅस्टिक सैल झालं आहे, दोऱ्या आखडल्या आहेत. परवा बालवर्गात एक नवी मुलगी आली. बाई फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या. ती माझ्या फळीसमोर येऊन उभी राहिली आणि कुजबुजली, "तुला घेऊ का रे?" मग तिने हात खाली धरला आणि थांबली. माझ्या दोऱ्या कोणाच्याच हातात नव्हत्या. ती थांबूनच राहिली, शहाणी पोर. माझ्या पोटातल्या सगळ्या पडद्यांची कालवाकालव झाली. शेवटी तिने मान खाली घातली आणि ती वळणार, एवढ्यात बाईंनी ते पाहिलं. खडू टाकून त्या धावत आल्या आणि माझं डोकं तिच्याकडे वळवलं.

थोडा उशीर झाला असता, तर ती गेली असती. आणि मला तर हो म्हणायचं होतं.